पाऊस एकच, झाडं निराळी

वनस्पतिशास्त्राची बहुतेक पाठ्यपुस्तकं पेशीपासून सुरू होतात. पेशीभित्तिका, हरितलवकं, केंद्रक, मग ऊती, मग मूळ, खोड, पान, फूल, आणि फेब्रुवारी उजाडून अभ्यासक्रम उरकायची घाई झाली की शेवटच्या प्रकरणात परिसंस्था. या क्रमात चूक काही नाही, परीक्षा घेणाऱ्याला तो सोयीचाही आहे. पण बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या मुलांनी हा विषय या क्रमानं शिकावा हे मला पटत नाही. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल नसेल. सातपुडा आहे, तापी आहे, आणि दोहोंच्या मधे केळीच्या बागा आहेत. म्हणून या पुस्तकाची मांडणी उलटी केली आहे. आधी झाड कुठे उभं आहे ते पाहायचं. मग ते तिथेच का, हे विचारायचं. आणि उत्तराच्या मागे लागून मुळात, पानात, पर्णरंध्रात आणि शेवटी पेशीत शिरायचं.

प्रश्न विचारायला जागा कशी हवी? जिथे थोड्या अंतरात बरंच बदलतं अशी. तापीच्या काठावरून निघून खांडव्याच्या रस्त्यानं असीरगडाकडे जा. अंतर जेमतेम वीस किलोमीटर. नदीलगत खोल गाळाची जमीन, तिच्यावर केळी, ऊस, कापूस. ओढ्यानाल्यांच्या कडेनं अर्जुनसादडा, करंज, जांभूळ. काळी माती जिथे चिकट आहे आणि पावसाळ्यात पाणी तुंबतं तिथे बाभूळ आणि पळस. पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा पट्टा. चढ लागला, पाण्याचा निचरा सुधारला की साग, धावडा, टेंभुर्णी, मोह. आणखी वर, खडक उघडा पडू लागला की सालई आणि कांडोळ. जिल्ह्यात कुठे कुठे मुरमाड, उथळ जमिनीवर अंजनाची अख्खी बनं; त्यांत दुसरं झाड शोधावं लागतं.

या सगळ्या पट्ट्यावर पाऊस जवळपास सारखाच, वर्षाला ८०० ते ९०० मिलिमीटरच्या आसपास. पडला तर डोंगरावर थोडा जास्तच. तरीही सगळ्यात कोरड्या जागेचं म्हणून ओळखलं जाणारं झाड, म्हणजे सालई, उभं आहे ते वर, आणि पाण्याला सोकावलेली केळी खाली. केळीला विहीर आहे हे खरं, पण विहिरीला पाणी लागतं ते खालीच. झाडाच्या लेखी पाऊस किती पडला याला फारसं महत्त्व नाही. मार्चनंतर मुळांपाशी किती उरला, याला आहे. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरड असलेल्या मुलखात हा हिशेब मातीची खोली ठरवते, तिचा पोत ठरवतो, उतार ठरवतो. वनस्पती-परिस्थितिकीचा निम्मा अभ्यासक्रम या एका हिशेबात बसतो असं मी म्हटलं तर तज्ज्ञ रागावतील. पण विद्यार्थ्यांनी सुरुवात इथूनच करावी.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. हॅरी चॅम्पियन या वनाधिकाऱ्यानं १९३६ साली भारतातल्या जंगलांचं वर्गीकरण मांडलं, आणि १९६८ मध्ये एस. के. सेठ यांच्यासोबत ते सुधारलं. वनखात्याच्या कार्य-आराखड्यांत आजही तेच आकडे-अक्षरं वापरतात. त्यात पाचवा गट उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी जंगलांचा. आपला सातपुडा त्यातच येतो. या गटातल्या सागाच्या जंगलाला त्यांनी 'सी' अक्षर दिलं, म्हणजे ते हवामानानं घडवलेलं. पण सालईचं जंगल 'ई-२', बाभळीचं 'ई-३', अंजनाचं 'ई-४', पळसाचं 'ई-५'. 'ई' म्हणजे मृदाजन्य: पाऊसपाणी तेच, पण जमिनीनं निराळं वळण दिलेलं जंगल. जे फरक दाखवायला शिक्षकाला एरवी देशाचा नकाशा भिंतीवर टांगावा लागतो, ते आपल्याकडे एका सहलीत पायाखाली येतात.

तरीही छापील वर्गीकरणावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हेही याच डोंगरात शिकता येतं. माथ्यावर सालईच का? उथळ माती, हे एक उत्तर. दुसरं उत्तर असं, की सालईला गुरं सहसा तोंड लावत नाहीत, वणव्यात ती इतरांपेक्षा अधिक तग धरते, आणि तिचं लाकूड इमारतीच्या कामाचं नसल्यानं कुऱ्हाडही तिच्यावर सागानंतरच पडते. म्हणजे सालईचं बन हे जमिनीनं घडवलेलं की शतकानुशतकांच्या आगी, चराई आणि तोडीतून उरलेलं? दोन्ही कारणं एकाच टेकडीवर एकत्र काम करत असतील, आणि त्यांना वेगळं करायचं तर कुंपण घालून, आग थांबवून, वीस-पंचवीस वर्षं थांबून पाहावं लागेल. परिस्थितिकीत उत्तरं अशी सावकाश मिळतात. त्यात सालईची आणखी एक अडचण: स्वतःच्या परागांनी तिला फळ धरत नाही, आणि एरवीही फळधारणा बेताचीच. त्यामुळे मोठी झाडं पुष्कळ आणि रोपं विरळ, असं दृश्य अनेक ठिकाणी दिसतं. जंगल हिरवं दिसतंय म्हणजे ते निरोगी आहे असं समजू नये. बुंध्यांची जाडी मोजा, लहान झाडं किती आणि मोठी किती ते मांडा, मग बोला. हे कसं करायचं ते चौथ्या प्रकरणात आहे.

उताराच्या दिशेबद्दलही पुस्तकात एक लांबलचक स्वाध्याय घातला आहे, कारण आपल्याला तो फुकट उपलब्ध आहे. बुऱ्हाणपुराकडे तोंड करून असलेले सातपुड्याचे उतार दक्षिणाभिमुख. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणजे नेमक्या कोरड्या महिन्यांत हे उतार जास्त तापतात आणि लवकर सुकतात. त्याच डोंगराची पाठ, उत्तरेची बाजू, थोडी अधिक ओल धरून असते. एकाच उंचीवर दोन्ही बाजूंना दहा मीटर लांब-रुंद चौकोन आखा आणि झाडं मोजा. कुठल्या बाजूला पानं आधी गळतात याची तारीख लिहा. यात यंत्र लागत नाही, दोरी लागते.

अंजनावर मी या पुस्तकात जरा जास्तच पानं खर्च केली आहेत, ती संपादकांनी कापली नाहीत याबद्दल त्यांचे आभार. हार्डविकिया बिनाटा हे त्याचं शास्त्रीय नाव. भारताबाहेर ते आढळत नाही. लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. भारतातल्या सर्वांत जड लाकडांत त्याची गणना होते. इतकं जड लाकूड देणारं झाड इतक्या दरिद्री जमिनीवर वाढतं कसं, याचं उत्तर जमिनीखाली आहे. अंजनाचं रोप वितभर दिसतं तेव्हा त्याचं सोटमूळ कितीतरी खोल, खडकाच्या भेगा धुंडाळत गेलेलं असतं. आधी मूळ, मग खोड, असा त्याचा क्रम. आर. एस. ट्रूप यांच्या १९२१ सालच्या वनवर्धनविषयक ग्रंथात या झाडाचं बारकाईनं केलेलं वर्णन आहे. शंभर वर्षांनंतरही ते वाचण्यासारखं आहे. शेंग चपटी, पातळ, वाऱ्यावर उडणारी, आणि बी तिच्या टोकाला. दरवर्षी मुबलक बी धरत नाही, काही वर्षांनी एकदा. चाऱ्याच्या टंचाईत त्याचा पाला जनावरांना घालतात. सतत पाला तोडलेल्या झाडाला शेंगा धरायला सवड मिळत नाही, आणि मग पुढची पिढी कुठून यायची हा प्रश्न उभा राहतो. वनस्पतिशास्त्र आणि गावचं अर्थकारण इथे एकाच फांदीवर येतात.

अंजन, पळस, कुसुम यांच्याबाबत एक कोडं विद्यार्थ्यांना आवर्जून घालावं. एप्रिल-मे. पारा चाळिशीच्या वर. विहिरी तळाला गेलेल्या. आणि नेमकी तेव्हाच या झाडांना पालवी फुटते. अंजनाची तांबूस, कुसुमाची तर लालभडक. पाऊस यायला अजून महिना-दीड महिना आहे. मग या कोवळ्या पानांना पाणी कुठलं? काही खोल मातीतलं, काही खोडात साठवलेलं. पानं गळून गेल्यावर बाष्पोच्छ्वास थांबतो, खोड हळूहळू पुन्हा भरतं, दिवस मोठा होत चालल्याची खूण झाडाला कळते आणि कळ्या उमलतात. पहिल्या पावसाच्या दिवशी पानं तयार असली तर चार महिन्यांच्या हंगामातला एकही दिवस वाया जात नाही. फुलांचंही तसंच. पळस, पांगारा, सावर, सालई निष्पर्ण असताना फुलतात. पक्ष्यांना आणि किड्यांना फुलं लांबून दिसतात, आणि बी पावसाच्या तोंडावर पिकून जमिनीवर पडतं. साग मात्र भर पावसात फुलतो. त्याचं फळ हिवाळ्यात पिकतं आणि टणक कवचात पुढच्या पावसाची वाट पाहतं. एकाच डोंगरावर दोन रीती, आणि दोन्ही टिकल्या. यातली कुठली चांगली असं विचारणारा विद्यार्थी अजून विषयात शिरलेला नाही, असं खुशाल समजावं.

पानांची रचना शिकवायला आपल्याकडे म्हणच तयार आहे: पळसाला पाने तीनच. शास्त्राच्या हिशेबानं ती तीन पानं नसून एका संयुक्त पानाच्या तीन पर्णिका आहेत. देठाच्या बेचक्यात कळी कुठे आहे ते पाहिलं की पान कुठे सुरू होतं ते कळतं. पर्णिकेच्या तळाशी ती नसते. हीच कसोटी अंजनाला लावा, तिथे दोनच पर्णिका, म्हणून 'बिनाटा'. सालईला लावा, तिथे ओळीनं पुष्कळ. सागाचं पान साधं, पण कोवळं पान बोटांत चुरडून पाहा, बोटं लाल होतात. या चार पानांवर आकारविज्ञानाचा एक तास सहज निघतो, आणि फळ्यावर चित्र काढावं लागत नाही.

नावांचा घोळ इथे मोठा आहे. घरी मराठी किंवा खानदेशी, शाळेत हिंदी, बाजारात निमाडी, डोंगरात कोरकू आणि भिलाली. साग, सागौन आणि कोरकूंचा सिपना हे एकच झाड. टेंभुर्णी आणि तेंदू एकच. म्हणून लॅटिन नाव. लिनियसनं १७५३ साली घालून दिलेली ही दुहेरी नावांची पद्धत सगळ्यांना सारखीच परकी आहे, हाच तिचा गुण. मात्र तीही स्थिर नाही. बाभूळ आणि खैर पूर्वी अकेशिया होते, आता व्हॅचेलिया आणि सेनेगॅलिया झाले. जुन्या आणि नव्या पुस्तकांत नावं जुळली नाहीत तर गोंधळू नका. झाड तेच आहे. आणि स्थानिक नावं टाकून देऊ नका; कोरकू आजोबा एका झाडाला दोन निरनिराळी नावं देत असतील तर त्यांना काहीतरी फरक दिसला आहे, तो आपण शोधायचा.

आता केळीकडे. जिल्ह्याची ओळखच केळी, आणि शेजारी रावेर-यावलचा केळीपट्टा. बुऱ्हाणपूरच्या मुलाला निसवण, घड, फणी, पील, कांदेबाग, मृगबाग हे शब्द पुस्तकानं शिकवायची गरज नाही. पुस्तकाचं काम पुढचं. ज्याला आपण केळीचं खोड म्हणतो ते पानांच्या तळांचे एकमेकांवर गुंडाळलेले पदर आहेत. खरं खोड जमिनीतला कंद. म्हणून केळ हे झाड नसून अवाढव्य वाढलेली शाकीय वनस्पती. निसवताना कंदाचा वाढबिंदूच फुलोऱ्यात बदलतो, म्हणून एक खोड एकदाच घड देतं, आणि पुढचं सारं पिलांवर. बी धरत नाही कारण गुणसूत्रांचे तीन संच आहेत, त्यांची जोडी जुळत नाही. वाऱ्यानं पान शिरांच्या बाजूनं फाटतं तो रोग नव्हे. फार फाटलं तर मात्र नुकसान होतंच, म्हणून बागेच्या कडेला शेवरी किंवा गजराज गवत लावतात.

याच पिकात परिस्थितिकीचा सर्वांत कडक धडा आहे. एकेकाळी बसराई आणि श्रीमंती, आता ऊतिसंवर्धित ग्रँड नैन. शेकडो एकरांवर उभं असलेलं प्रत्येक रोप जवळपास एकमेकांची नक्कल. घड एकसारखे येतात, व्यापाऱ्याला तेच हवं असतं. पण जो विषाणू एका रोपाला लागतो तो सगळ्यांना लागू शकतो. कुकुंबर मोझॅक, ज्याला शेतकरी हरण्या म्हणतात, तो मावा किडीवाटे पसरतो आणि बागाच्या बागा उपटाव्या लागतात. जगात हे आधीही घडलं आहे: ग्रो मिशेल नावाची केळी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निर्यातीवर राज्य करत होती, पनामा मर रोगानं ती बाजारातून गेली आणि तिची जागा आजच्या कॅव्हेन्डिश गटानं घेतली. वरच्या डोंगरात एका चौकोनात दहा-बारा जातींची झाडं आणि खाली एकाच जातीची हजारो रोपं, ही तुलना विद्यार्थ्यांनी स्वतः मोजून करावी. शेजारच्या शेतातला ऊस, मका आणि ज्वारी यांची प्रकाशसंश्लेषणाची तऱ्हा केळी-कापसापेक्षा वेगळी आहे; हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात उसावर ती उलगडली. त्याचं प्रकरण थोडं अवघड आहे, अकरावीपर्यंत वगळलं तरी चालेल.

पाणी कुठून येतं हे कळल्याशिवाय यातलं काहीच कळत नाही, आणि ते समजायला बुऱ्हाणपूरकडे खुनी भंडारा आहे. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ साली, सातपुड्याच्या पायथ्याचं भूजल अडवून, एकमेकींना भुयारानं जोडलेल्या कुंड्यांमधून ते केवळ उताराच्या बळावर शहरात आणलं गेलं. इतिहासाच्या पुस्तकात ते मोगल स्थापत्य म्हणून येतं. मला ते मातीचं पुस्तक वाटतं. डोंगरावरचं पाणी दगडगोट्यांच्या पट्ट्यात जिरतं, म्हणून पायथ्याशी भरपूर सापडतं, हे ज्यांनी ते खोदलं त्यांना ठाऊक होतं. वरची झाडी गेली की पाणी जिरण्याऐवजी धावतं, माती घेऊन धावतं. केळीच्या विहिरीचा संबंध सालईच्या टेकडीशी आहे तो असा.

माणसाचा हात जंगलावर कसा फिरतो, हे पाहायला नेपानगर आहे. देशातला वर्तमानपत्री कागदाचा पहिला कारखाना तिथे उभा राहिला, १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला, आणि १९८० च्या दशकाच्या उंबरठ्यापर्यंत असा कागद देशात फक्त तिथेच बनत होता. कच्चा माल कोणता? बांबू आणि सालई. ज्या झाडाला इमारतीचं लाकूड म्हणून कुणी विचारत नव्हतं, त्याच्या लगद्यावर देशाच्या बातम्या छापल्या गेल्या. पुढे कारखाना रद्दीकडे वळला. कागदाची गरज खोटी नव्हती. पण रोपं विरळ असलेल्या, बी कमी धरणाऱ्या झाडाकडून किती घ्यायचं, हा हिशेब जीवशास्त्राचा आहे, आणि तो आधी मांडायला हवा, कारखाना उभा राहिल्यावर नव्हे. त्याच नेपानगर भागात २०२२-२३ मध्ये झालेली मोठी जंगलतोड आणि अतिक्रमणं वृत्तपत्रांत गाजली. त्यावर इथे राजकीय भाष्य करायचं नाही. मोकळ्या झालेल्या जमिनीवर पहिल्या पावसानंतर काय उगवतं ते नोंदवा: टाकळा, गाजर गवत, घाणेरी, की खुंटांना फुटलेले सागाचे धुमारे? जंगल परत येणार की नाही, याचा अंदाज भाषणांपेक्षा या यादीतून अधिक खात्रीनं बांधता येतो.

खकनारच्या जंगलाचं नाव पक्षिशास्त्रात गेलं आहे ते रानपिंगळ्यामुळे. १८८४ नंतर शतकभर हरवलेला मानला गेलेला हा छोटा घुबडवर्गी पक्षी १९९७ मध्ये नंदुरबारकडच्या शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि पुढच्या शोधात खकनारलाही. विरळ, कोरडं सागाचं रान त्याला मानवतं, पण घरट्याला जुन्या झाडांच्या ढोल्या लागतात. सरळसोट तरुण सागाची लागवड म्हणजे त्याचं जंगल नव्हे. झाडं लावण्याच्या मोहिमांत हा फरक हमखास विसरला जातो.

पुस्तक कसं वापरावं याबद्दल थोडं. प्रकरणं महिन्यांच्या क्रमानं आहेत, जूनपासून मेपर्यंत. मधूनच उघडलंत तरी त्या महिन्याचं प्रकरण काढा. पाठांतरासाठी व्याख्या शेवटी दिल्या आहेत, त्या शेवटीच वाचा. शिक्षकांना विनंती अशी, की विद्यार्थ्याच्या नोंदीत नाव चुकलं तर गुण कापू नका. तारीख, जागा, माती आणि उताराची दिशा लिहिलेली नसेल तर जरूर कापा. नाव उद्याही शोधता येतं, आजची तारीख येत नाही. नमुने वाळवायला जुनी वर्तमानपत्रं पुरतात. राखीव जंगलातून काहीही तोडून आणायला वनखात्याची परवानगी लागते, ती घेतल्याशिवाय जाऊ नका. बांधावरच्या झाडासाठी शेतकऱ्याला विचारलं की झालं, आणि शाळेच्या कुंपणातल्या झाडासाठी मुख्याध्यापकांना. पहिलं वर्ष याच झाडांवर काढा.